एका ‘नव्हे’साठी आठ महिने

मागच्या वर्षी जूनमध्ये मी आमच्या वाचनगटात एका जुन्या ग्रीक ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणाचा माझ्या भाषांतराचा पहिला मराठी खर्डा वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांना तो मनापासून आवडला. गटातले एक काका तर डोळे मिटून ऐकत होते. ‘अरूप, अनाम, अगोचर, अचिंत्य, अव्यक्त’ अशी माळच मी लावली होती आणि ती कानाला गोड लागत होती. वाचून झाल्यावर एक ताई म्हणाल्या, “अगदी विष्णुसहस्रनाम ऐकल्यासारखं वाटलं गं.” मी आनंदात घरी आले. रात्री ग्रीक मजकूर पुन्हा उघडला, आणि चौथ्या प्रकरणाची पहिलीच ओळ वाचून जागच्या जागी थांबले.

ती ओळ सांगण्याआधी ग्रंथाविषयी थोडं. ‘पेरी मिस्तिकीस थिओलोगियास’, म्हणजे गूढ ईश्वरविद्येविषयी. ग्रीकमध्ये लिहिलेली पाच लहान प्रकरणं. ‘पॅट्रोलोगिया ग्रेका’ या ग्रीक ख्रिस्ती लेखकांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ती जेमतेम काही पानांत संपतात. लेखक स्वतःला डायोनिसियस अरेओपागीट म्हणवतो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात अथेन्समध्ये ख्रिस्ती प्रेषित पौलाचं भाषण ऐकून विश्वास ठेवणारा एक डायोनिसियस आहे, त्याचं हे नाव. शतकानुशतकं लोकांनी ते खरं मानलं. 1895 मध्ये कोख आणि श्टिग्लमायर या दोन जर्मन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की या लेखकाने अथेन्सच्या प्रोक्लस या प्लेटोपंथी तत्त्वज्ञाकडून भरभरून घेतलं आहे. प्रोक्लस वारला 485 साली. म्हणजे आपला लेखक साधारण 500च्या आसपासचा, बहुधा सीरियातला. त्याचं खरं नाव आजही कोणाला ठाऊक नाही. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला नाव देता येत नाही असं सांगणारा हा माणूस स्वतःही उसन्या नावाने वावरतो, हे मला फार जवळचं वाटतं.

आता ती ओळ. चौथं प्रकरण सुरू होतं ते असं: सगळ्यांचं कारण, जे सगळ्यांच्या वर आहे, ते ‘अनूसिओस’ नव्हे, ‘अझोओस’ नव्हे, ‘अलोगोस’ नव्हे, ‘अनूस’ नव्हे. सत्तेवाचूनचं, प्राणावाचूनचं, वाणीवाचूनचं, बुद्धीवाचूनचं, असं काहीच ते नव्हे. शब्दांच्या सुरुवातीचा हा ग्रीक ‘अ’ आणि आपला संस्कृत ‘अ’ ही एकाच मुळाची भावंडं. म्हणजे लेखक नकाराला सुरुवात करतो तीच मुळी ‘अ’ लावलेले शब्द नाकारून. आणि मी त्याच्या तोंडी पानभर ‘अ’ घातले होते! जे त्याने आधीच बाजूला सारलं, तेच मी त्याचं म्हणणं म्हणून वाचून दाखवलं होतं.

असं का झालं, याचा विचार करताना अ‍ॅरिस्टॉटल उपयोगी पडला. ‘कॅटेगरीज’मध्ये तो नकार आणि उणीव यांत फरक करतो. उणिवेला त्याचा शब्द ‘स्तेरेसिस’. बोळका आपण कोणाला म्हणतो? ज्याला दात नाहीत अशा प्रत्येकाला नव्हे. ज्याला या वयात दात असायला हवेत आणि नाहीत त्याला. दगडाला कोणी आंधळा म्हणत नाही. डायोनिसियस पहिल्याच प्रकरणात बजावतो की सगळ्यांचं कारण असल्या उणिवांच्या पलीकडचं आहे. संस्कृत ‘अ’ आणि ‘निर्’ मराठीत आले की दोनपैकी एका बाजूला घसरतात. एक तर उणीव दाखवतात: अशक्त, निर्जीव, निर्बुद्ध. नाहीतर उलटून स्तुती होतात. ‘निर्गुण निराकार’ आपण इतक्या मायेने म्हणतो की निर्गुण हाच त्याचा एक गुण होऊन बसतो. माझ्या माळेचं हेच झालं होतं. त्या ताईंना सहस्रनाम आठवलं ते बरोबरच होतं.

तो खर्डा मी बाजूला ठेवला.

खरं तर या सगळ्याकडे मी वळले प्लेटोमुळे. गटात आम्ही ‘पार्मेनिडीज’ हा संवाद वाचत होतो. त्यातल्या पहिल्या गृहीतकात ‘एक’ हे खरोखर एकच असेल तर काय होईल, याचा पार्मेनिडीज पाठलाग करतो. त्याला भाग नाहीत, सुरुवात नाही, शेवट नाही, ते कुठे नाही, हलत नाही, थांबत नाही, काळात नाही. शेवटी तर त्याला नाव नाही, त्याच्याविषयी बोलणं नाही, ज्ञान नाही, मत नाही. आणि मग तो विचारतो, ‘एक’च्या बाबतीत असं असणं शक्य आहे का? समोरचा तरुण म्हणतो, मला तरी तसं वाटत नाही. एवढंच. पुढचं गृहीतक सुरू. या ‘वाटत नाही’चं काय करायचं, यावर प्लेटोनंतरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या झुंजली. काहींना तो बुद्धीचा व्यायाम वाटला. प्लोटायनस आणि प्रोक्लससारख्या प्लेटोपंथीयांना तिथेच सगळ्यांच्या उगमाकडे जाणारी नकाराची वाट दिसली. (‘नकारात्मक ईश्वरविद्या’ हा शब्द मी मुद्दाम टाळते. आज मराठीत ‘नकारात्मक’ म्हटलं की खिन्न चेहऱ्याचा माणूस डोळ्यांसमोर येतो.)

प्लोटायनसचं नाव निघालं तेव्हा काकांनी एकदम मान वर केली. तो 243 साली रोमन सम्राट गॉर्डियनच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला होता, इराणी आणि भारतीय लोकांचं तत्त्वज्ञान जाणून घ्यायला, असं त्याचा शिष्य पोर्फिरी सांगतो. “म्हणजे बघ, आपल्याकडूनच नेलंन् सगळं,” काका म्हणाले. मी म्हटलं, “काका, ती मोहीम मेसोपोटेमियातच संपली. गॉर्डियन मारला गेला, प्लोटायनस कसाबसा अँटिओकला पोचला आणि तिथून रोमला गेला. त्याला यायचं होतं एवढंच आपण म्हणू शकतो.” काकांना ते फारसं रुचलं नाही. पण मला ‘यायचं होतं’ हेही पुरेसं मोठं वाटतं.

ताईंनी दुसरी वाट सुचवली: “सरळ ‘नेति नेति’ लिहून टाक ना.” ते मी केलं नाही. बृहदारण्यकातल्या त्या दोन शब्दांवर माझं कमी प्रेम आहे म्हणून नाही, तर ते शब्द आले की मराठी वाचकाचं ऐकणं संपतं. हे आपल्याला माहीत आहे असं वाटून तो पुढे सरकतो, आणि डायोनिसियस काय वेगळं करतोय ते निसटून जातं. त्या काळात रात्री मी अमृतानुभवातलं शब्दखंडनाचं प्रकरण मात्र पुन्हा पुन्हा वाचत होते, तेही उसनं घेण्यासाठी नाही. मराठी भाषा तेराव्या शतकात ‘नाही’ कसं म्हणत होती ते कानात बसावं म्हणून.

दुसरा खर्डा ऑगस्टमध्ये झाला. या वेळी ‘अ’ सगळे गेले, साधं ‘नाही’ आलं. ‘ते आत्मा नाही, ते बुद्धी नाही, ते संख्या नाही, क्रम नाही, मोठेपण नाही, लहानपण नाही, ते अंधार नाही, प्रकाश नाही, भ्रम नाही, सत्य नाही.’ वाचताना घशाला कोरड पडली. शेवटी कोणी काही बोलेना. मग काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “म्हणजे हा माणूस देव नाही असं म्हणतोय का गं?”

ते चिडून विचारत नव्हते, म्हणून तो प्रश्न जास्त लागला. ग्रीकमध्ये हे सगळं ‘ऊते… ऊते’ असं एकसारखं येतं, ना हे ना ते, आणि त्यात ‘देव नाही’ असा सूर मुळीच नाही. माझ्या मराठीत तो का आला ते मला सांगता येईना.

उत्तर दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात मिळालं. शंकरपाळ्यांसाठी मी फडताळातला पांढऱ्या पुडीचा डबा काढला.

“आई, ही पिठीसाखर ना?” मी सासूबाईंना विचारलं.

त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “अगं, ती पिठीसाखर नव्हे, पापडखार आहे. पिठीसाखर नाहीये घरात, दळायचीय अजून.”

डबा हातात धरून मी तशीच उभी राहिले. एका श्वासात त्यांनी दोन वेगळे नकार वापरले होते. ‘नव्हे’ म्हणताना डब्यात काहीतरी आहे हे गृहीत होतं. फक्त ते मी म्हणते ते नाही. ‘नाहीये’ म्हणताना ती वस्तूच घरात नव्हती. शहरात आम्ही आता दोन्हीसाठी ‘नाही’ म्हणतो. माझ्या पिढीच्या तोंडून ‘नव्हे’ जवळपास गेलंच आहे. सासूबाई वाईकडच्या, त्यांच्या बोलण्यात ते अजून जिवंत आहे. काकांनी माझ्या ‘नाही’मध्ये रिकामं घर ऐकलं होतं. डायोनिसियस उघडलेल्या डब्याविषयी बोलत होता.

शंकरपाळ्या त्या दिवशी उशिरा झाल्या. साखर दळायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, आणि मिक्सर फिरत असताना माझ्या डोक्यात पाचवं प्रकरण पहिल्या ओळीपासून नव्याने चालू झालं होतं.

त्या रात्री मी एका वाक्यावर बसले. ग्रीकमध्ये ते असं उलगडतं: त्या कारणाजवळ कल्पना, मत, लोगोस, विचार नाहीत, ते लोगोस नव्हे, विचार नव्हे, ते बोललं जात नाही, विचारलं जात नाही. (‘विचारलं’ इथे चालत नाही, कारण मराठी कानाला त्यात प्रश्न ऐकू येतो. शेवटी ‘मनात धरलं जात नाही’ असं केलं.) लोगोसला शब्द म्हणावं, वाणी म्हणावं की विवेक, यावर आठवडा गेला, ‘बोललं जात नाही’शी नातं राहावं म्हणून ‘बोल’ हा शब्द घेतला. आता वाक्य झालं: ‘त्याच्याजवळ बोल नाही, विचार नाही, ते बोल नव्हे, विचार नव्हे, ते बोललं जात नाही, मनात धरलं जात नाही.’ तीन पायऱ्या आहेत. आधी, त्याच्याकडे ही गोष्ट आहे का? मग, ते स्वतः ही गोष्ट आहे का? मग, आपल्याला ते या गोष्टीने पकडता येतं का? ग्रीकमध्ये तिन्ही जागी एकच ‘ऊते’ आहे आणि फरक क्रियापदांनी होतो. मराठीत नकारच बदलतो. पुढे तसंच आणखी एक सापडलं: ‘ते जगत नाही आणि जीवनही नव्हे.’ हे वाक्य लिहिलं तेव्हा मला आपल्या भाषेचा इतका अभिमान वाटला की झोपलेल्या नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं.

लिंगाचाही प्रश्न होता. ग्रीकमध्ये ‘आइतिया’, कारण, हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून प्रकरणाच्या शेवटी सर्वनाम ‘ती’ असं येतं. प्लोटायनस तर त्याच्या ‘एक’विषयी लिहिताना नपुंसकलिंग आणि पुल्लिंग यांच्यात सतत ये-जा करतो. मराठीत ‘कारण’ नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘ते’ सहज बसलं. पण प्लोटायनसचं एक म्हणणं मनात घोळत राहिलं. तो म्हणतो, त्याला ‘कारण’ म्हणतो तेव्हाही आपण त्याच्याविषयी काही सांगत नसतो. आपल्याविषयी सांगत असतो, की आपल्याला त्याच्यापासून काहीतरी मिळालं आहे. आपण बाहेरून त्याच्याभोवती फिरतो आणि आपल्यालाच काय वाटतं ते बोलतो, कधी जवळ जाऊन, कधी लांब पडून. ‘एक’ या नावाविषयीही तो हेच म्हणतो: त्यात कदाचित ‘अनेक नव्हे’ याहून जास्त काही नाही. आणि पायथागोरसच्या अनुयायांची खूण सांगतो. ते आपापसांत त्याला ‘अपोलो’ म्हणत, कारण ‘अ’ म्हणजे नव्हे आणि ‘पोल्ला’ म्हणजे पुष्कळ. देवाच्या नावातच नकार वाचणारी ती माणसं!

सगळ्यात जास्त छळलं ते ‘अफाइरेसिस’ या शब्दाने. काढून घेणं. दुसऱ्या शतकातला प्लेटोपंथी अल्किनूस त्याचं उदाहरण भूमितीतून देतो: पृष्ठभागातून एक मिती काढा, रेषा राहते, रेषेतून काढा, बिंदू राहतो. म्हणून मी आधी ‘वजाबाकी’ लिहिलं. पण मराठी वजाबाकीत ‘बाकी’ बसलेली आहे, आणि प्लोटायनस म्हणतो ‘आफेले पान्ता’, सगळं काढ. बाकीची मोजदाद करायला तिथे जागा नाही. डायोनिसियसचं उदाहरण शिल्पकाराचं आहे, तेही मूळ प्लोटायनसकडून आलेलं: आत दडलेली मूर्ती स्वच्छ दिसावी म्हणून शिल्पकार आड येणारं सगळं काढून टाकतो, आणि या काढण्यानेच सौंदर्य उघड होतं. इथे आपली म्हण वाटेत उभी राहते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे मराठी वाचकाच्या कानात आधीच असतं, आणि त्यात दुःख सोसण्याची गोष्ट आहे. डायोनिसियसच्या दगडाला काही सोसायचं नाही. म्हणून ‘टाकी’ आणि ‘घाव’ हे दोन्ही शब्द मी त्या परिच्छेदात येऊ दिले नाहीत.

उत्तर पुन्हा साधंच निघालं: काढणं. आपण दगड काढतो आणि मूर्तीही काढतो. काटा काढतो, रांगोळीही काढतो. ‘त्याचं नाव काढू नकोस’ म्हणजे उच्चारू नकोस. एकाच क्रियापदात हटवणं आणि उमटवणं दोन्ही राहतात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. ग्रीक ‘अफाइरेसिस’मध्ये फक्त हटवणं आहे, त्यातून काही प्रकटतं हे डायोनिसियसला शिल्पकार आणून समजवावं लागलं. तेव्हा मग त्याच्या विरुद्धचा ‘थेसिस’ हा शब्दही आपोआप सुटला: मांडणं.

तिसऱ्या प्रकरणाने मला क्रम शिकवला. लेखक म्हणतो, वरून खाली येताना बोलणं फैलावतं आणि वर चढताना आवळत जातं, शेवटी पुरतं नि:शब्द होतं. मांडताना जवळच्या गोष्टीपासून सुरुवात करायची: ते हवा आणि दगड यांपेक्षा जीवन आणि चांगुलपण जास्त नाही का? काढताना सगळ्यात लांबच्या गोष्टीपासून: ‘ते बोललं जात नाही’ याहून ‘ते दारूच्या अमलाखाली नाही, ते रागावत नाही’ हे आधी म्हणायला नको का? बायबलमध्ये देवाला राग, दुःख, मद्य, सगळं चिकटवलेलं आहे, ते आधी सोडवायचं. पहिल्या दोन्ही खर्ड्यांत मी घाईने सगळे नकार एका पट्टीत म्हटले होते. आता चौथं प्रकरण मी भरभर वाचते, कारण ‘ते शरीर नव्हे, आकार नव्हे’ याला कोणाचा आक्षेप नसतो, आणि पाचव्यात प्रत्येक नव्हेनंतर थांबते. ‘चांगुलपण नव्हे’, ‘देवत्व नव्हे’ यांना वेळ द्यावा लागतो. त्या दोन शब्दांवर काकांचा चेहरा अजूनही बदलतो, आणि बदलायलाच हवा.

एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी सापडला होता आणि शेवटपर्यंत टिकला. बायबलमधला मोशे डोंगर चढून ज्यात शिरतो तो ‘ग्नोफोस’. साधा अंधार म्हणजे ‘स्कोतोस’. ग्नोफोसमध्ये ढगांचा काळेपणा आहे. जूनच्या त्या आठवड्यात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागत होते. खिडकीबाहेर बघितलं आणि लिहिलं: झाकोळ. ‘न जाणण्याचा झाकोळ.’

जानेवारीत शेवटच्या वाक्याशी पोचले. डायोनिसियस नकारालाही तिथे सोडून देतो: त्याच्याविषयी मांडणं नाही आणि काढणंही नाही, त्याच्यामागून जे आलं त्याविषयी आपण मांडतो आणि काढतो, पण त्याला आपण मांडतही नाही आणि काढतही नाही. त्याच सुमारास मी डमास्कियस वाचत होते, अथेन्सच्या प्लेटोपंथी विद्यालयाचा शेवटचा प्रमुख. 529 साली सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने तिथलं शिकवणं थांबलं आणि तो सहकाऱ्यांबरोबर इराणच्या खुस्रो राजाकडे गेला. तो याहून कठोर आहे. ‘अवर्णनीय’ म्हटलं की तेही वर्णन झालं, म्हणून तेही मागे घ्यायचं, मग तो मागे घेण्याचा शब्दही; असं करताना पायाखाली काही नसताना पाऊल टाकल्यासारखं होतं, असं तो म्हणतो. डमास्कियस वाचून माझा हात थरथरला. डायोनिसियस त्या पोकळीच्या काठावर प्रार्थनेने उभा आहे. ग्रंथाची सुरुवातच त्याने पवित्र त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाला, हाक मारून केली आहे. दोघांतला हा फरक भाषांतरात पुसला जाऊ नये, म्हणून शेवटच्या वाक्याचा सूर मी हाकेच्या जवळ ठेवला.

नवव्या शतकात एरिउगेना या आयर्लंडच्या माणसाने हे सगळं लॅटिनमध्ये आणलं. रोमचा ग्रंथपाल अनास्तासियस याने, जगाच्या टोकावरच्या माणसाला हे समजलंच कसं असं कौतुकही केलं आणि भाषांतर फारच शब्दाला शब्द झालंय अशी तक्रारही केली. त्या आयरिश माणसाची मला या आठ महिन्यांत खूप सोबत झाली.

फेब्रुवारीत तिसरा खर्डा वाचला. या वेळी सासूबाईही आल्या होत्या. वाचून झाल्यावर काका बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, “पाचवं पुन्हा वाचतेस का?” पुन्हा वाचताना मला एक गोष्ट खटकली. ग्रीकमध्ये त्या लांबलचक यादीत सर्वनाम जवळपास नाहीच. नुसतं क्रियापद पुरतं. मराठीतही पुरतं. आणि मी ओळीओळीला ‘ते’ लिहून ठेवलं होतं, प्रत्येक नकाराआधी एक वस्तू मांडून.

घरी येऊन पेन्सिल घेतली आणि काढत बसले. ‘संख्या नव्हे, क्रम नव्हे. अंधार नव्हे, प्रकाश नव्हे.’ पाचव्या प्रकरणाच्या त्या यादीत आता एकच ‘ते’ उरलं आहे, अगदी पहिल्या ओळीत. तेही काढलं तर कशाविषयी चाललंय ते वाचकाला कळणार नाही, म्हणून ठेवलं आहे. बाजूला पेन्सिलीने बारीक खूण आहे.